सातविणीखालचा दुसरा दगड

रविवारची दुपार. बाल्कांवावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, मोठं मेज मांडलेलं. पुण्याहून आलेले पाहुणे जेवायला बसले होते आणि मी सोलकढी वाढत होतो. साहेब खुर्चीत मागे रेलले, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "तारा, आमचे महाराज लाव."

तारा म्हणजे त्या घराचा आवाज. बाईचा आवाज. बाई नाही.

आणि माझा आवाज सुरू झाला.

छतातून आला, भिंतीतून आला, खाली हिरवळीवरून आला. माझं तोंड बंद होतं आणि मी चारी बाजूंनी बोलत होतो.

"बा राखणदारा, ह्या जागेच्या धन्या, तुझ्या लेकरान आज रोट ठेवलो हा, इडी ठेवली हा. गोड मानून घे…"

अवसेच्या दिवशी झाडाखाली, एकटा असताना घातलेलं माझं गाऱ्हाणं. माझा गळा, मधला माझा खोकलासुद्धा. अर्ध्या चड्डीतला एक पाहुणा हात वर करून म्हणाला, "होय म्हाराजा!" मग दुसऱ्याने धरलं. मग सगळ्यांनी. एका बाईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. तिने पदर नसलेल्या अंगाला चाचपून शेवटी हातरुमालाने डोळे पुसले. साहेब म्हणाले, "थांबा, थांबा. खरी मजा पुढेच आहे."

पुढे काय आहे ते मला ठाऊक होतं. माझंच होतं ते.

"…शेवंतीवयनीक ताप भरलो होतो. पावण्यांच्या खोलीत गादीर मातशी आडवी झाली. मी कोणाक सांगूक नाय, तुका सांगतंय. तिका सांभाळ. तिच्या अंगार येता ता माझ्या अंगार येव दी…"

"होय म्हाराजा!" मेजावरचे सगळे.

तिच्या अंगावर काय आलं ते पाहुण्यांना माहीत नव्हतं. साहेबांना होतं. आणि ते कुठून आलं, हे मला त्या क्षणी कळलं. सोलकढी भांड्याच्या काठावरून माझ्या मनगटावर आली. कोणीतरी म्हणालं, "अरे, सांडतंय, सांडतंय." सांडलेलं त्यांना तेवढंच दिसलं.

मी कमी बोलणारा माणूस. घरात मला मुका म्हणतात. डिचोलीतलं मुळगाव माझं. तरुणपणी खाणीवर टिपर चालवला. खाणी थांबल्या, टिपर दारात उभा राहिला, त्याच्या चाकांतून गवत आलं. मग मी पेडण्याच्या बाजूला आलो, समुद्र दिसेल अशा सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, बांधलेल्या ह्या घरात राखणीला. मागच्या खोलीत राहायचं, बाग बघायची, साहेब आले की वाढायचं.

मी मोकळा बोलायचो ते एकाच ठिकाणी. गाऱ्हाण्यात.

हे बापाने शिकवलेलं. जिथे कामाला जाशील तिथे जागेचा राखणदार असतो. अवसेला, म्हणजे अमावास्येला, त्याला जाड भाकरीचा रोट आणि विडी ठेवायची, आणि बोलायचं. मनातल्या मनात नाही, तोंडाने. बाप म्हणायचा, "मनात म्हटलेलां तेका पावत नाय. नि लपवचां नाय. तू लपवलंस तर तेणें राखचां काय, ता तेका कळतलां कसां?" म्हणून गाऱ्हाण्यात आम्ही सगळं सांगतो. घरातलं, शेजारचं, ज्याच्यासाठी मागतो त्याचं नाव घेऊन. माणसापुढे जे बोलायचं नाही ते तिथे बोलायचं. तो ऐकतो आणि राखतो. ऐकून ठेवत नाही. हा फरक मला पन्नाशी उलटल्यावर कळला.

ह्या जागेचा राखणदार म्हणजे आवाराच्या टोकाला सातविणीच्या झाडाखाली एक दगड. उभा, काळपट, गुडघ्याएवढा. घर बांधताना गावातल्या गवंड्यांनी तो हलवायला नकार दिला. साहेबांनाही तो आवडला. पाहुण्यांना दाखवायचे. मग बागेचं काम करणारे आले आणि त्यांनी त्याच्या बाजूला दुसरा दगड ठेवला. तसाच काळपट, तसाच खडबडीत, थोडा बुटका. संध्याकाळी त्यातून गाणी यायची.

गाणी येतात हे मी बघितलं होतं. त्याला तोंड आहे हे मला कळलं होतं. ज्याला तोंड आहे त्याला कानही असतील, हे मात्र सुचलं नाही.

खरं तर संशय माझ्या अंगात पहिल्या दिवसापासून होता. घरात पाऊल टाकलं की दिवा लागायचा, उठलो की मागचा विझायचा. दाराला किल्ली नव्हती, माझा अंगठा होता. कुंडीतल्या मातीत पट्टी खोचलेली. ती कोरडी झाली की पुण्यात साहेबांच्या फोनवर कळायचं आणि साहेब मला कळवायचे, की कुंडीला पाणी घाला. मी कुंडीच्या समोर उभा. स्वयंपाकघराच्या छतावर पालीच्या डोळ्याएवढा तांबडा ठिपका. झाडायला चाकांचं एक यंत्र होतं, ते गालिच्याच्या कडेला अडकून पिंपिं करत बसायचं, आणि शेवंती त्याला कोंबडीसारखं उचलून बाजूला ठेवायची आणि स्वतः झाडू घ्यायची. त्या यंत्राच्या पोटातला केरही तीच काढायची.

शेवंती ही माझ्या मावसभावाची बायको. तो वारला. सड्याच्या खालच्या वाडीत ती एकटी राहते. माहेर दोडामार्गाकडचं, तोंडाने तिखट, हाताने स्वच्छ. तिला ह्या कामावर मी आणली. मी सांगितलं, घर चांगलं आहे, माणसं शिकलेली आहेत.

पहिल्याच आठवड्यात ती ओट्याशी कांदा चिरत होती आणि छतातून साहेबांचा आवाज आला, "शेवंती, फ्रीजचं दार उघडं राहिलंय." साहेब पुण्यात. तिच्या हातातली सुरी पडली. तिने आधी डोक्यावर पदर घेतला, मग फ्रीज लावला. नंतर मला म्हणाली, "भावजी, पदर घेतलंय मी, पण खंयच्या बाजून घेवचो ता सांगा. माणूस खय उभो हा ताच कळणा नाय."

ताराची तिने फार चेष्टा केली. "पगार नाय, सुट्टी नाय, नि मॅडमांची लाडकी. बोलूक झ्याक येता हिका. संडास धुवूक सांगा बघूया."

आम्ही हसलो. हसतानाही हळू हसलो.

मग आम्ही मिक्सर लावून बोलायला लागलो. भांडं रिकामं, मिक्सर चालू, आणि त्याच्या घरघरीत आम्ही दोघं तोंड जवळ आणून बोलायचो. काय बोलायचो? तिच्या घरची पेज, माझ्या गुडघ्याचं दुखणं, वाडीतलं लग्न. चोरून बोलावं असं त्यात काही नव्हतं. तरी चोरून बोलायला लागलो होतो. एके दिवशी साहेबांचा निरोप आला: मिक्सर रिकामा फिरवू नका, मोटर जळेल. त्यानंतर आम्ही बोलणंच सोडलं. शेवंती नुसती भुवई उडवायची. मी मान हलवायचो. ज्यांना बोलता येतं अशी दोन माणसं, आणि ओट्याशी मुक्यांचा बाजार.

म्हणून मी झाडाखाली जास्त जायला लागलो. घराला कान आहेत, तर घराबाहेर जाऊन बोलावं. उघड्यावर कोण ऐकतंय? वर सातवीण, खाली दगड. दोन दगड.

शिमग्याच्या आधी तिला ताप आला. सुट्टी मागायची सोय नव्हती, दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. दुपारी ती पुसता पुसता भिंतीला धरून बसली. अंग भाजत होतं. मागच्या माझ्या खोलीवर कॅमेरा, स्वयंपाकघरात कॅमेरा, जिन्यात कॅमेरा. पाहुण्यांच्या खोलीत नव्हता. पाहुण्यांना अब्रू असते. त्या घरात डोळा मिटायला तेवढी एकच जागा होती. ती आधी जमिनीवरच टेकली. मीच म्हटलं, "वयनी, खाली थंड लागात. गादीर पड गो मातशी. फरशी मी पुसतंय." ती नको म्हणत होती. थंडीने दात वाजत होते तिचे. मी दार ओढून घेतलं आणि फरशी पुसली. उठल्यावर तिने चादर काढली, धुतली, वाळवली, परत घातली. एक सुरकुती ठेवली नाही.

कोणाला सांगितलं नाही. अवस आली, रोट ठेवला, आणि राखणदाराला सांगितलं. लपवायचं नाही म्हणून.

पुढच्या खेपेला साहेब आणि मॅडम आले ते ओठ आवळूनच आले. चहा झाला. साहेबांनी आम्हा दोघांना समोर बोलावलं.

"शेवंती, उद्यापासून येऊ नका."

"काय झाला साहेब?"

"काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

बस. एवढंच. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नाही. मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणि ती पाहुण्यांच्या खोलीतली गादी बाहेर काढा. कोणाला द्यायची त्याला द्या. मला ती घरात नको."

धुतलेली चादर, न डागाळलेली गादी. माणूस झोपलं एवढाच तिचा दोष. त्यावर कोण झोपलं तर दोष लागतो आणि कोण झोपलं तर नाही, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

मी गादी काढली. जड होती. दुमडेना. मग मी ती डोक्यावर घेतली आणि जिना उतरलो. बाल्कांवावरून, हिरवळीच्या कडेने, फाटकाकडे. फाटकाशी शेवंती उभी होती, हातात तिची पिशवी, पिशवीत तिच्या घरच्या चपला. मी तिच्यासमोरून गेलो. डोक्यावर गादी असल्यामुळे मला तिचं तोंड दिसलं नाही, पाय दिसले. माझं तोंड तिला दिसलं असेल की नाही, माहीत नाही. मी थांबलो नाही. एक शब्द बोललो नाही.

गादी कुंपणाबाहेर टाकून मी परत आलो आणि साहेबांना विचारलं, "रात्रीक भाकरी की पोळी?"

हे मी इथे लिहितो कारण हे कुठेही साठवून ठेवलेलं नाही. ह्याचं रेकॉर्डिंग कोणी लावणार नाही. मलाच सांगावं लागेल.

कारण न सांगता काढलेल्या बाईचं काय होतं ते वाडीला विचारा. लोकांनी कारण आपलं आपण भरलं. अंगठी गेली म्हणाले. मॅडमचं घड्याळ गेलं म्हणाले. सड्यावरच्या घरमालकांचा फोनवर एक गट आहे, तिथेही काही फिरलं असणार, कारण शेवंती दुसऱ्या दोन घरी काम विचारायला गेली तर फाटकावरूनच नको म्हणाले. नाव न विचारता. फाटकावरच्या डोळ्याने तिला आधीच ओळखलं होतं. शेवटी ती काजूच्या कारखान्यात लागली, बिया फोडायला. बियांच्या टरफलातल्या तेलाने हाताची कातडी जाते.

एक दिवस ती बस बदलत मुद्दाम मुळगावला माझ्या घरी आली. मी सुट्टीवर होतो. पाणी घेतलं नाही. खुर्चीवरही बसली नाही.

"भावजी, त्या खोलीत मी होतंय नि तुमी होतास. तिसरा कोण नव्हता. खरां सांगा. तुमी सांगलास?"

मी लइराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत घेतलेला भक्त, आहे. दर वर्षी व्रत धरतो, शिरगावला जत्रेत होमखणातून, पेटत्या निखाऱ्यांवरून, जातो. माझी व्रताची बेतकाठी भिंतीला लावलेली असते, लोकरीच्या गोंड्यांसकट. मी उठलो, काठी काढली, हातात धरली. म्हटलं, "लइराई आवयची शपथ. माझ्या तोंडातसून एक शब्द कोणाकडे गेलो असात तर ह्या वर्साक माझे पाय जळतले."

तिने काठीकडे बघितलं. धोंडाने बेत हातात धरून खोटं बोलल्याचं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. ती खाली बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मग त्या माळयान सांगलां आसतलां." माळी आठवड्यातून एकदा यायचा, साधा माणूस. मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर, तसं वाटलेलं मला बरं वाटलं. वाडीत तिने त्या माळ्याला भर रस्त्यात वाट्टेल ते ऐकवलं. मी ते थांबवलं नाही.

हेच त्या घराने आमचं केलं. ते बघतं, ऐकतं, पण नाव माणसाचं येतं. आम्ही एकमेकांकडे संशयाने बघायचं आणि छताकडे कोणी बघायचं नाही.

आणि मग तो रविवार. ते "होय म्हाराजा".

रेकॉर्डिंग संपलं. हसणं ओसरलं. साहेब माझ्याकडे वळले, हसत, अगदी मायेने. "आता प्रत्यक्ष ऐकवा. इथूनच म्हणा. किंवा असं करा, झाडाखाली उभे राहा, तिथे छान दिसेल." अर्ध्या चड्डीतल्या पाहुण्याने फोन उभा धरला.

मी सोलकढीचं भांडं मेजावर ठेवलं.

"नाय."

"अहो, लाजताय काय?"

"नाय म्हणतंय."

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "रागावू नका. ही तुमचीच भाषा आहे, तुमचीच परंपरा. आम्ही ती जपून ठेवतोय. उद्या तुमच्या मुलांना येणार आहे का हे?"

मी विचारलं, "शेवंतीचं तुमी हेच्यातसून ऐकलास?"

साहेब म्हणाले, "घरात काय चाललंय ते घरमालकाला कळायला नको?"

"माका विचारूचा होता."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

खरं आहे. नसतं सांगितलं. माणसापासून लपवायचं आणि राखणदारापासून नाही, असाच मी वाढलो. साहेबांना ते बरोबर कळलं होतं. म्हणून त्यांनी मला विचारलं नाही. जिथे मी खोटं बोलणार नाही तिथे जाऊन ते ऐकत बसले.

मी पायऱ्या उतरलो. हिरवळ ओलांडून सातविणीखाली गेलो. मागून कोणीतरी म्हणालं, "जातायत, जातायत, रेकॉर्ड कर." त्यांना वाटलं मी गाऱ्हाणं घालायला चाललो.

दुसऱ्या दगडाखाली दोन्ही हात घातले, कंबर खाली घेतली आणि उचलला. दगड म्हणून जोर लावला होता. तो वर आला सुक्या नारळासारखा. मी मागे पडता पडता वाचलो. आत पोकळ. खाली वायर लोंबत होती. ती ओढली, तुटली. बाजूचा खरा दगड होता तिथेच होता, त्याच्यापुढे माझ्या मागच्या अवसेच्या रोटाची पत्रावळ वाळून पडलेली.

तो पोकळ दगड मी आणून मेजावर ठेवला, ताटांच्या मध्ये. माती सांडली. मॅडम खुर्ची मागे सरकवून उठल्या.

"हो तुमचो," मी म्हटलं. "तेका सांगा 'होय म्हाराजा'."

साहेबांचा आवाज तेव्हाही चढला नाही. "हे महागात पडेल तुम्हाला."

"पडूं दे. पयलो माझो अंगठो काढा तुमच्या दारातसून. आवाज माझो तुमी घेतलास, अंगठो तरी परत देवा."

खोलीतून कपडे घेतले आणि निघालो. फाटक आपोआप उघडलं. त्याच्या खांबातून तारा म्हणाली, "आपला दिवस शुभ असो." ती सगळ्यांनाच म्हणते.

मी थेट वाडीत गेलो. शेवंती अंगणात बसून बोटांना खोबरेल लावत होती. काजूच्या तेलाने बोटांची टोकं काळी झालेली, कातडी पापुद्र्यांनी निघत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. झाड, दगड, गाऱ्हाणं, मेजावरचं हसणं. म्हटलं, "शब्द माझ्याच तोंडातसून गेलो वयनी. माका म्हायत नव्हता. बेत धरून मी खोटां बोललंय, पण माका म्हायत नव्हता."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

ती बोटांना तेल लावत राहिली. मग म्हणाली, "तोंडाचां सोडा भावजी. दगडाक कान आसत, ता तुमका म्हायत नव्हता. बरां. डोकीर गादी घेतलास, ती काय दगडान घेवक सांगली?"

तिने दुसऱ्या हाताला तेल घेतलं.

"ताप माका होतो. गादीर पड म्हणान तुमीच सांगलास. नि तीच गादी माझ्या तोंडासमोरसून डोकीर घेवन गेलास. तेव्हा तुमचां तोंड खय होतां? ता तर तुमच्याकडेच होतां ना?"

वाटभर मी दगडाला शिव्या देत आलो होतो. साहेबांना, ताराला, त्या पालीच्या डोळ्याला. एवढं सगळं ऐकणारं घर, आणि ज्या वेळी बोलायला हवं होतं त्या वेळी त्याला ऐकायला माझ्याकडून काहीच गेलं नाही. "मी सांगितलं होतं तिला झोपायला." एवढंच म्हणायचं होतं. छतालाही ऐकू गेलं असतं. मिळाली असती शिक्षा तर दोघांना मिळाली असती. तिच्या अंगावर येतं ते माझ्या अंगावर येऊ दे, असं दगडापुढे म्हणणारा मी. खरोखर अंगावर घ्यायची वेळ आली तेव्हा अंगावर गादी घेतली.

"जावा आता," ती म्हणाली. "माझी भांडी पडली हत."

पुढच्या सोमवारी वाडीच्या देवळात, माणसं जमलेली असताना, मी पुढे झालो आणि गाऱ्हाणं घातलं. मोठ्याने. देवाला कमी आणि माणसांना जास्त. शेवंतीने सुतळीचा तोडासुद्धा उचलला नाही, हे सांगितलं. तिला ताप होता, गादीवर पड मीच म्हटलं, गादी मीच काढली आणि गप्प मीच राहिलो, हे सांगितलं. माळ्याचं नाव घेऊन त्याची माफी मागितली. मी थांबलो. मग मागून कोणीतरी म्हणालं, "होय म्हाराजा." मग आणखी दोघं-चौघं. कोणी हसलं नाही.

शेवंती आली नव्हती. तिला बोलावलंही नव्हतं. तिचं नाव स्वच्छ करायला तिने हजर राहावं, हाही जुलूमच.

ह्या वर्षी लइराईच्या जत्रेला मी बेत घेतला नाही. काठी भिंतीवर तशीच आहे. ज्या काठीवर खोटी शपथ वाहिली ती उचलायची परवानगी देवी देईल की नाही ते मला माहीत नाही. शेवंतीकडून ती पहिली मिळायला हवी, आणि मी ती मागणार नाही. तिने कधीच दिली नाही तर काठी भिंतीवर राहील. गोंड्यांवर धूळ बसेल. बसू दे.

साहेबांनी सांगितलं ते खरं झालं. त्यांच्या त्या गटात माझ्या तोंडाचा फोटो फिरला, दगड उचललेला व्हिडिओही फिरला. सड्यावर मला काम नाही. मी आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. संशय गेलेला नाही. अजून कोणाच्याही घरी गेलो की आधी कोपरे बघतो, दिवे बघतो, फुलदाणीत डोकावतो. घरी माझा मुलगा फोन मेजावर ठेवून बोलायला लागला की मी फोन उचलून तांदळाच्या डब्यात ठेवतो. तो हसतो. हसू दे. ज्याचा आवाज चारी बाजूंनी लावून त्याच्यावर कोणी हसलं नाही, त्याला हे कळणार नाही.

पण संशयाने घाबरून मिक्सर लावायचे दिवस माझे संपले. आता मी तोंडावर विचारतो. वाडीतल्या कोणत्याही बाईला सड्यावर काम मिळालं की पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत जातो. सुरुवातीला बायका लाजायच्या. आता स्वतःहून निरोप देतात. मालक बाहेर येतो, नाहीतर खांबातून बोलतो. मी एकच गोष्ट विचारतो: ह्या घरात काय काय ऐकतं आणि कुठे कुठे बघतं, ते हिला आधी दाखवा. भिंत, दिवा, गादी, दगड, सगळं. आणि हिने टेकायचं कुठे, तेही दाखवा. न दाखवता बाई आत येणार नाही.

काही जण दाखवतात. बरेच जण चिडतात. म्हणतात, तुमचा संबंध काय? म्हणतात, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला? परवा एक जण म्हणाला, "आमचं घर हुशार आहे, त्याला सगळं आपोआप कळतं, त्यात दाखवायचं काय?"

मी बाईला म्हटलं, चल, मागे फीर. आणि त्या माणसाला उत्तर दिलं. ते उत्तर माझं नाही, शेवंतीचं आहे. मिक्सरच्या घरघरीत लपवून नाही, फाटकावर, खांबातल्या कानाला नीट ऐकू जाईल असं दिलं.

"हुशार आसा मगे? तेका संडास धुवूक सांगा."